नहपानाच्या नाण्यांवरील रोमी मस्तक

उल्हास नदीच्या खोऱ्यातील बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर हा मुलूख प्राचीन कल्याण बंदराच्या पाठीशी लागूनच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख असून, तेथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे म्हटले आहे. भडोचच्या आयातीत रोमी सोन्यारुप्याची नाणी होती व देशी नाण्यांशी त्यांचा बदला करण्यात नफा होई. मग हे रोमी रुपे गेले कोठे?

आमच्या मते ते क्षत्रपांच्या टांकसाळीत गेले. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या निधीत क्षहरात नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक रौप्यमुद्रा होत्या. त्यांवर नाव सर्वत्र एकाच नहपानाचे. मुखे मात्र कोठे तरुण, कोठे वृद्ध, कोठे कृश, कोठे स्थूल. यावरून निधीचे अभ्यासक रेव्हरंड स्कॉट यांनी ही मस्तके रोमी नाण्यांवरून उतरविली असावीत, असे मत मांडले. वजनही विचारात घेण्याजोगे आहे. ऑगस्टसचा दिनार सुमारे ३.९ ग्रॅमचा, नहपानाचे नाणे सुमारे २ ग्रॅमचे. म्हणजे एका दिनाराच्या रुप्यात जवळजवळ दोन नाणी पडत.

परंतु अनुकरण सरसकट नव्हे. भारतात विपुल सापडणाऱ्या ऑगस्टसच्या दिनारांच्या मागील अंगी ढाल-भाले घेतलेले दोन राजपुत्र, तर टायबेरियसच्या दिनारांवर आसनस्थ स्त्री असते. नहपानाने ही चित्रे टाकून बाण व वज्र ही चिन्हे योजिली. लेख ब्राह्मी, खरोष्ठी व ग्रीक अशा तीन लिप्यांत आहेत. पैकी ग्रीक अक्षरांतील भाषाही प्राकृतच. मस्तक तेवढे परके राहिले.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. तथापि त्याने हा पैसा आटविला नाही. त्यावरच आपले चैत्य व उज्जयिनीचिन्ह ठोकले. निधीतील नऊ हजारांवर नाणी अशी पुनर्मुद्रित आहेत. शत्रूचे मुख, त्यावर जेत्याचा छाप: एका विजयाचा असा पुरावा ताम्रपटातही क्वचितच मिळेल.

सिंहलाच्या राजाने रोमी दिनारांवरील मुखे निरनिराळी, पण वजन समान पाहून रोमकांची सचोटी वाखाणली, असे प्लिनी सांगतो. व्यापाऱ्यास वजन पुरते. इतिहासास मुखही लागते, आणि ते मुशीत प्रथम नष्ट होते. म्हणून कल्याण-बदलापूर भागातील संग्राहकांस आमची विनंती आहे की, जुने रुपे मुशीत जाऊ देऊ नये, आणि प्रत्येक नाण्याबरोबर त्याचे प्राप्तिस्थान अवश्य टिपून ठेवावे. स्थळ हरपलेले नाणे अर्धे मुकेच होय.