प्रताधिकारमुक्त ‘श्यामची आई’ : अक्षर आणि आवाज

सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासात साने गुरुजींचे नाव येते ते प्रामुख्याने पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी मे 1947 मध्ये केलेल्या उपोषणामुळे. त्यांचे ग्रंथ सर्वांना खुले झाले, त्याचा इतिहासही अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखा आहे.

1957 च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर 50 वर्षांनी त्याचे साहित्य प्रताधिकारमुक्त होत असे. रवींद्रनाथ ठाकूर 1941 मध्ये निवर्तले. 1991 अखेर त्यांच्या साहित्यावरील हक्क संपणार, असे दिसताच ही मुदत 60 वर्षांची करण्यात आली. गुरुजींचे निधन 11 जून 1950 चे. परिणामी 2001 च्या आरंभी मुक्त होऊ शकणारी ‘श्यामची आई’ 1 जानेवारी 2011 रोजी मुक्त झाली. आज मराठी विकिस्रोतावर ती विनामूल्य वाचता येते.

अर्थात, हक्क संपल्याने ग्रंथ आपोआप वाचकाच्या हाती येत नाही. जुन्या पुस्तकाच्या पानांची केवळ छायाचित्रे जालावर चढवली, तर त्यांत शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाच्या संगणकाला ती नीट वाचून दाखवता येत नाहीत. कोणीतरी तो मजकूर युनिकोडमध्ये आणून मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडावी लागते.

ध्वनिपुस्तकाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र प्रताधिकार असून तो प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. म्हणजे अक्षर मुक्त असूनही आवाज बंदिस्त राहू शकतो. 2005 मध्ये सुरू झालेल्या लिब्रिव्हॉक्सचे महत्त्व यातच आहे. तेथील स्वयंसेवक प्रताधिकारमुक्त ग्रंथ वाचतात आणि आपल्या ध्वनिमुद्रणावरील हक्कही सोडून देतात.

‘श्यामची आई’च्या संदर्भात हा मुद्दा केवळ कायद्याचा उरत नाही. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातील प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे. श्याम सांगतो, आश्रमातील सोबती ऐकतात. श्रवण हा या पुस्तकाच्या रचनेचाच भाग आहे. अशा 42 रात्री आहेत. एखाद्या वर्गातील विद्यार्थ्यांनी त्या वाटून घेऊन वाचल्या आणि ते ध्वनिमुद्रण विनाअट सर्वांना दिले, तर कोकणातील श्यामची कथा सोलापुरी उच्चारांत ऐकायला मिळेल. निवेदनाचा अभ्यास करणाऱ्याला त्यातून पुष्कळ शिकता येईल. आणि ज्याला छापील पान वाचता येत नाही, त्याला श्यामच्या श्रोत्यांमध्ये जागा मिळेल.