दागिन्याचे चित्र आणि सत्याचा कस

सोन्याची पारख करण्यासाठी आपल्या सराफांनी शतकानुशतके काळ्या कसोटीच्या दगडावर भरवसा ठेवला. त्या दगडावर उमटलेल्या रेघेला ना विक्रेत्याचे आर्जव कळते, ना ग्राहकाची हौस. परंतु दागिना हाती न येता केवळ त्याचे चित्र डोळ्यांपुढे आले, तर त्या चित्राचा कस कोणत्या दगडावर लावावयाचा? श्रोतेहो, हा प्रश्न संगणकाच्या युगाने निर्माण केला अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तो छायाचित्रणकलेइतकाच जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय आजचा निवाडा करणे उतावळेपणाचे ठरेल.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. त्याच काळी मुंबईत व्यवसाय करणाऱ्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील नानाविध ज्ञातींची चित्रे घेतली, आणि १८६३ व १८६६ साली लंडनमध्ये त्यांचे दोन खंड प्रसिद्ध झाले. पागोटी, लुगडी, नथी, हार अशा वेशभूषेचे हे मोलाचे दप्तर होय. तथापि त्यातील अनेक चित्रे जशी दिसतात तशी घेतलेली नाहीत. माणसांची छायाचित्रे एका जागी घेऊन, ती कापून, दुसऱ्याच स्थळाच्या चित्रावर बसविलेली आहेत. अंगावरचा दागिना खरा, परंतु पाठीमागचे देऊळ अथवा रस्ता उसना! अभ्यासकाने हे जाणले तर ग्रंथ उपयोगी पडतो. न जाणले तर तोच ग्रंथ त्याला फसवितो. फसवणूक कात्रीने होत नाही, कात्री लपविल्याने होते, हा या विषयातील पहिला धडा.

दुसरा धडा याहून नाजूक आहे. त्या काळच्या काचेवरील रासायनिक थराला निळ्या व जांभळ्या प्रकाशाचेच तेवढे ज्ञान होते. पिवळा आणि तांबडा रंग त्याला जवळजवळ दिसतच नसे. परिणाम असा होई की, पिवळेधमक सोने काळवंडलेले उमटे, माणीक काळ्या मण्यासारखे दिसे, आणि निळा खडा मात्र अपेक्षेहून फिकट येई. बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी १८७३ साली विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून या दोषावर उपाय शोधला. पण सर्व रंगांची जाण असलेल्या काचा बाजारात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. तोवर कुंचला घेऊन बसलेल्या कारागिराने हारावर सोनेरी रंग भरला, तर त्याने खोटे केले काय? उलट, यंत्राने सांगितलेले असत्य त्याने दुरुस्त केले! काचेवर बारीक शिसपेन्सिलीने हात फिरविण्याची कलाही तेव्हाचीच. म्यूनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच माणसाचे चित्र हात फिरविण्यापूर्वीचे आणि नंतरचे असे शेजारी शेजारी मांडले, तेव्हा लोक विस्मयचकित झाले. त्यांनी दोन्ही चित्रे दाखविली, म्हणून ती करामत ठरली. एकच दाखविले असते, तर तिला दुसरे नाव द्यावे लागले असते.

आता आपण निजामाच्या राज्यात येऊ. सरधना येथे १८४४ साली जन्मलेले, रुडकीत शिकलेले आणि इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केलेले लाला दीनदयाळ पुढे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. सिकंदराबादेच्या त्यांच्या चित्रशाळेबरोबरच हैदराबादेत १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा निघाली, आणि तिची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे होती. रत्नांच्या हौसेबद्दल त्या दरबाराची ख्याती होतीच. निजामाच्या घराण्यातील १७३ रत्नालंकार भारत सरकारने १९९५ साली २१८ कोटी रुपयांस विकत घेतले, यावरून त्या वैभवाची कल्पना येईल.

त्या काळच्या भारतीय चित्रशाळांत छायाचित्रे रंगविण्याची मोठी प्रथा होती. युरोपात पातळ रंगाचा हलका हात दिला जाई. आपल्याकडे मात्र लघुचित्रांच्या परंपरेत वाढलेले चितारी दाट रंगाने वस्त्र, गालिचा आणि दागिने असे काही झाकून टाकीत की, मुळातील छायाचित्र चेहऱ्यापुरतेच शिल्लक राहावे. ग्राहकालाही हे ठाऊक असे. ते आरसा मागावयास आलेले नसत, प्रतिष्ठेचे चित्र मागावयास आलेले असत. देणारा व घेणारा या दोघांनाही चित्राचा धर्म माहीत असल्यामुळे त्यात कोणाची वंचना नव्हती. शिवाय मूळ काच चित्रशाळेत जपून राही. दीनदयाळांच्या २,८०० हून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. काचेवर पेन्सिल फिरली असेल तर तिची खूण काचेवरच सापडते. संगणकातील मूळ चित्रावर बदललेले चित्र साठवून टाकले, की अशी खूण सहसा उरत नाही. जुन्या आणि नव्या हातचलाखीत खरा फरक कोठे असेल तर तो येथे आहे.

हैदराबादेहून सुमारे तीनशे किलोमीटर उत्तरेस, पैनगंगेच्या काठच्या मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूर हे गाव आहे. २०१६ च्या फेररचनेत ते स्वतंत्र मंडलाचे ठिकाण झाले. नदीपलीकडे आमचा यवतमाळ जिल्हा. हा टापू १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. परंतु राज्यांच्या सीमा बदलल्या म्हणून बोली बदलत नाही. मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा येथे नांदतात. कापूस हे येथील मुख्य पीक. कापसाचे पैसे हाती आले की घरात एखादा दागिना यावा आणि नड पडली की तोच गहाण पडावा, हे कापूसवाल्या मुलखाचे जुने अर्थशास्त्र आहे. अशा घरी दागिना ही शोभेची वस्तू नव्हे, ती आडवेळची पुंजी होय. म्हणून त्याच्या चित्रात थापलेली खोटी झळाळी ही सौंदर्यशास्त्राची किरकोळ चूक मानता येत नाही.

याच जिल्ह्याच्या गोंड समाजाचा अभ्यास करण्यास क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आले. कुमराम भीम यांचा १९४० चा लढा रक्तात बुडविला गेल्यानंतर निजामाच्या सरकारला या लोकांची दुःखे समजून घेण्याची निकड भासली होती. हायमेनडॉर्फ मारलवाई गावी राहिले, आणि राज गोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांना आज दप्तराचे मोल आहे. अशा चित्रातील झिजलेला वाळा, काळवंडलेली चांदी, दोऱ्याने बांधलेला तुटका मणी हे दोष नव्हेत, तो पुरावा आहे. कोणता दागिना रोजचा, कोणता सणाचा, कोणता आईकडून लेकीकडे आलेला, हे त्या झिजेवरूनच वाचता येते. अमेरिकेतील एडवर्ड कर्टिस यांनी १९१० च्या सुमारास पीगन लोकांच्या तंबूतील आपल्या एका चित्रातून गजराचे घड्याळ पुसून टाकले. ते लोक आपल्या काळाबाहेरचे, जुन्या जगातले दिसावेत, हा हेतू. एका लहानशा घड्याळाबरोबर त्यांचा वर्तमानकाळच पुसला गेला!

आदिलाबादेच्या मुलखात ओझा कारागीर मेण गाळून पितळेचे काम करतात. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळावयाच्या, वर पुन्हा माती लिंपावयाची, भट्टीत मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा आणि शेवटी साचा फोडावयाचा. साचाच फुटतो, म्हणून दोन वस्तू तंतोतंत सारख्या निघत नाहीत. या कामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता समजा, विक्रीसाठी काढलेल्या चित्रात कोणी त्या मेणदोऱ्यांच्या खुणा संगणकावर घासून गुळगुळीत केल्या, तर काय झाले? यंत्रातून निघालेली नक्कल आणि हाताचे काम यांतील भेदच नाहीसा झाला. ज्या खुणेवर कारागिराची भाकरी अवलंबून आहे, तीच डाग समजून पुसली गेली.

अर्थात, हात फिरविणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. आजचा कॅमेरा खड्याचे चित्र मूळ आकाराच्या कितीतरी पट मोठे करून दाखवितो. डोळ्याला कधीच न दिसणारा धुळीचा कण त्यात दगडाएवढा होतो. चकचकीत सोन्यात छायाचित्रकाराची सावलीच उमटते. हे काढून टाकणे म्हणजे जुन्या चिताऱ्याप्रमाणे यंत्राचे असत्य दुरुस्त करणे होय. पण फिकट पाचूला गडद करणे, खड्यातील तडा बुजविणे, पोकळ पाटली भरीव भासविणे, नाजूक ठुशी गळाभर दिसेल असे तिचे माप फुगविणे, ही दुरुस्ती नव्हे. येथे यंत्राची चूक निस्तरली जात नसून वस्तूची उणीव झाकली जाते.

यावरून काही साधी प्रमाणे निघतात. चांगल्या उजेडात दागिना हातावर घेतला असता जे दिसेल, तेच चित्रात दिसते काय? केलेला बदल ग्राहकाला आधी कळला असता, तर त्याचा निर्णय फिरला असता काय? आणि मूळ चित्र जपून ठेवले आहे काय? विक्रीच्या चित्राला पहिली दोन प्रमाणे लागू करावीत. संग्रहालयाच्या वा संशोधनाच्या चित्रात तिसऱ्याला मुळीच सूट देऊ नये. पतियाळाच्या महाराजांसाठी पॅरिसच्या कार्तिए पेढीने १९२८ साली घडविलेला हिऱ्यांचा हार १९४८ नंतर दिसेनासा झाला. त्याचा सांगाडा १९९८ साली लंडनमध्ये सापडला, तेव्हा मोठे हिरे नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी पर्यायी खडे बसवून तो हार पुन्हा उभा करण्यात आला. वस्तू नष्ट होते आणि तिचे चित्र उरते, असे इतिहासात वारंवार घडते. त्या चित्रात कोणी आपल्या मर्जीने चार हिरे वाढविले असतील, तर पुढील पिढ्यांनी कोणाला विचारावे?

कायदाही या बाबतीत अगदीच मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये भ्रामक जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सोन्याच्या दागिन्यांवरील शुद्धतेची मुद्रा २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. धातूचा कस अशा रीतीने सरकारी मुद्रेने बांधला गेला. परंतु चित्रावर उमटविता येईल अशी मुद्रा नाही. ती जबाबदारी चित्र घेणाऱ्यावर, त्यावर हात फिरविणाऱ्यावर आणि ते छापणाऱ्यावर येऊन पडते.

आपल्या सोनारांच्या व्यवहारात तुटीची भाषा उघड असे. घडणावळ किती, घट किती, डाग किती हे ग्राहकाला सांगितले जाई, आणि जो सांगत नसे त्याची पत गावात टिकत नसे. चित्राच्या धंद्यानेही तोच रिवाज उचलावा. किती उजळले, काय पुसले, काय जोडले, हे विचारले असता सांगता आले पाहिजे. सांगताना ज्याची जीभ अडखळेल, तो बदल मुळात करूच नये. भीमपूरच्या एखाद्या घरी कापसाच्या पैशातून एकुलती एक बोरमाळ घ्यावयाची असेल, तर तिचे चित्र पाहणाऱ्या बाईला निदान एवढे सत्य मिळण्याचा हक्क आहे.