एका काट्याचं घड्याळ

एकच काटा असलेलं मनगटी घड्याळ पाहिलं की लोक विचारतात, मिनिटं कळायची कशी? प्रश्न रास्त आहे. पण घड्याळ मुळात एकाच काट्याचं होतं. युरोपातल्या चर्चच्या जुन्या घड्याळांना बहुधा फक्त तासकाटाच असे. यंत्रच दिवसाकाठी पाव तास मागेपुढे व्हायचं. मग मिनिटं दाखवून करायचं काय? १६५६ साली हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचं घड्याळ तयार केलं आणि ही चूक काही सेकंदांवर आली. त्यानंतर मिनिटकाटा सर्रास दिसू लागला. पुढे रेल्वे आली, गिरण्या आल्या आणि त्या काट्याचा धाक बसला.

जर्मनीच्या माइस्टरझिंगर कंपनीने २००१ पासून एका काट्याची घड्याळं पुन्हा बाजारात आणली. तबकडीवर १४४ रेघा. दोन रेघांमध्ये पाच मिनिटं. वेळ अंदाजे कळते. वाचायला, फिरायला, गप्पांना तेवढी पुरते.

सकाळची लोकल गाठणाऱ्याला मात्र ती पुरत नाही. पाच मिनिटांच्या उशिरासाठी ज्याची मजुरी कापली जाते, त्याला दुसरा काटा लागतोच. माझ्या मते, ज्याला उशिराचा जाब कुणी विचारत नाही, त्याचं हे घड्याळ. ते जरूर बांधा. फक्त घरकामाला येणाऱ्या बाईंना पाच मिनिटं उशीर झाला, तर त्यांचा हिशेबही त्याच एका काट्याने करा.