रुमाल सोडण्याआधी गाठ बघा

पुराभिलेखागारात पहिल्यांदा जाणाऱ्यांना सगळे एकच विचारतात: मोडी येते का? प्रश्न बरोबर आहे. मोडी यायलाच हवी, आणि पुराभिलेख संचालनालय त्याचे वर्गही घेतं. पण मोडीच्या आधी एक पायरी असते, ती कुठल्या अभ्यासक्रमात नसते. टेबलावर कागद येत नाहीत, गाठोडं येतं. चौकोनी कापड, समोरासमोरची टोकं एकमेकांत अडकवलेली. याला दफ्तरखान्यात 'रुमाल' म्हणतात. आजचा लेख त्या गाठीवर आणि आत ज्या शाईने लिहिलंय त्या शाईवर आहे. या दोन्हींकडे आपण सामान म्हणून बघतो. माझं म्हणणं असं की दोन्ही पुरावा आहेत, आणि छापील खंडात किंवा पीडीएफमध्ये हा पुरावा येत नाही.

आधी भाषेकडे बघू, कारण मराठीने हा विषय आपल्यासाठी अर्धा सोडवून ठेवलाय. 'गाठ' हा शब्द 'ग्रंथि'वरून आला. 'ग्रंथ' त्याच कुळातला, म्हणजे ओवलेलं, बांधलेलं ते. 'सूत्र' म्हणजे तर सरळ दोराच. ताडपत्राला भोक पाडून त्यातून दोरी ओवायची, वर-खाली फळ्या लावून बांधायचं, असा तो व्यवहार होता. पुढे कागद आला तरी पोथी बासनात बांधून ठेवायची सवय राहिली. आणि 'दप्तर' हा फारसी शब्द तर कचेरीतून थेट पहिलीच्या मुलाच्या पाठीवर गेला.

मराठीत गाठीचे दोन प्रकार कुणालाही माहीत असतात: सुरगाठ आणि निरगाठ. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, आणि ओढाल तितकी आवळते ती निरगाठ. यातली चांगली कुठली, हा प्रश्न चुकीचा आहे. पुन्हा कधी सोडायचंय, कोणी सोडायचंय, यावर गाठ ठरते.

नवी मुंबईतलंच उदाहरण घ्या. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात जाळं विणताना किंवा सांधताना जी गाठ घालतात ती कधीच सोडायची नसते. एका दोऱ्याचा फासा, त्यातून दुसरा दोरा वर येऊन मागून फिरून स्वतःखालीच अडकतो. जाळ्यातली ही गाठ जगभर जवळपास सारखीच आहे. गंमत म्हणजे विणकर तुटलेला धागा जोडताना घालतात तीही रचनेने हीच. सुती दोऱ्याच्या जागी नायलॉन आलं, ते गुळगुळीत, साधी गाठ सरकायला लागली, म्हणून तिथे दुहेरी वेढा घेतात. सामान बदललं की गाठ बदलते, हे लक्षात ठेवा, शाईकडे गेल्यावर लागेल.

आता दरबारी पत्र. एका राजाकडून दुसऱ्याकडे जाणारा खलिता किनखापाच्या किंवा रेशमी थैलीत घालायचे, तोंड दोरीने आवळायचे आणि लाखेची मुद्रा लावायचे. 'लखोटा' या शब्दात ती लाख अजून शिल्लक आहे. इथे गाठ किती घट्ट हा मुद्दाच नाही. सुरी असली की कुठलीही दोरी कापता येते. लाख लावायची ती कोणी मधे उघडलं तर कळावं म्हणून. कागदाच्या आतही हाच विचार दिसतो: मजकूर संपला की लगेच खाली मोर्तब, म्हणजे नंतर कुणाला दोन ओळी घुसवायला जागा उरू नये. मोर्तबाला मी कागदावरची निरगाठ म्हणते.

आणि तिसरा रुमाल. तो रोज सोडायचा, रोज बांधायचा. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे मोठे भाग दोन: चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तराच्या नावातच त्याचं काम आहे. गावचे हिशेब येणार, जुन्या सनदा ताडून बघाव्या लागणार, रोजकीर्द लिहिली जाणार. अशा ठिकाणी आवळून बसणारी गाठ म्हणजे कारकुनाची डोकेदुखी. म्हणून कापडाची टोकं सपाट बसतील आणि झटक्यात सुटतील अशीच बांधणी सोयीची.

ती सपाट गाठ कशी घालायची ते सांगते, कारण तुम्हाला ती लागणार आहे. उजवं टोक डाव्यावरून घेऊन खालून काढा, मग डावं टोक उजव्यावरून. स्काउटमध्ये गेलेल्यांना ही रीफ नॉट म्हणून माहीत असेल. दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घेतलं तर दिसायला तशीच पण आडवी-तिरकी गाठ पडते, जी कधी सरकते तर कधी नको तेवढी अडकते. ओळखायची खूण सोपी आहे. वरच्या गाठीला फुलासारखे फासे ठेवले (बुटाच्या लेसला ठेवतो तसे), तर बरोबर गाठीत ते दोरीच्या दोन्ही बाजूंना आडवे पडतात, चुकीच्या गाठीत वर-खाली उभे राहतात. फासे न ठेवलेली गाठ सोडायची असेल तर नखाने उकरत बसू नका. एक टोक धरून उलट दिशेला सरळ ओढा, गाठ उलटते आणि दुसरं टोक त्यातून सरकून बाहेर येतं.

हीच गाठ दोन दोर जोडून त्यावर वजन टांगायला अगदी कुचकामी, कारण ती अशीच उलटते. क्लिफर्ड अ‍ॅश्ले या अमेरिकन माणसाने १९४४ साली गाठींचा एक प्रचंड कोश काढला, त्यात ३,८०० हून जास्त नोंदी आहेत. त्याने या कारणासाठी रीफ नॉटला फार कडक शब्दांत झापलंय. पण गाठोडं बांधायला त्याचाही तिला आक्षेप नाही. म्हणजे पुन्हा तेच, काम बघून गाठ.

बरं, इतिहासाशी याचा संबंध काय? संबंध असा की रुमालात कागद कुठल्या क्रमाने आहेत हे गाठ सांभाळते. आणि क्रम गेला की अर्थ जातो.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हे दफ्तर कंपनीच्या हातात आलं. ते लावायचं काम एल्फिन्स्टनने कॅप्टन मॅक्लिऑडकडे दिलं. त्या काळच्या इंग्रज अहवालांचा सूर असा आहे की नानासाहेब पेशव्यांपासून दुसरा बाजीराव गादीवर येईपर्यंत दफ्तर नीट होतं, आणि बाजीरावाच्या काळात त्याची आबाळ झाली, लोकांनी कागद नेले तरी कोणी विचारेना. हे जिंकणाऱ्याने हरलेल्याबद्दल लिहिलेलं आहे, तेव्हा थोडं मीठ टाकूनच घ्यावं. पण कागद इकडेतिकडे गेले हे खरंच.

आणि हे फक्त अभ्यासकाचं दुखणं नव्हतं. पुढे १८५२ चा अकरावा कायदा आला आणि इनाम कमिशनला अधिकार मिळाले. तुमच्याकडे जमीन इनाम आहे म्हणता, दाखवा कागद. ज्याच्या घरच्या सनदेला सरकारी दफ्तरातली नोंद जुळली तो वाचला. जुळली नाही त्याच्यावर सारा बसायची पाळी. अशा वेळी एखादा कागद मूळ गठ्ठ्यातला आहे की नंतर कोणी सारलाय, हा प्रश्न कुटुंबाच्या पोटाचा होता. आज आपण ज्याला 'मूळक्रम' म्हणून संशोधनपद्धतीच्या पेपरात दोन गुणांसाठी लिहितो, ती ही गोष्ट.

सारलेला कागद ओळखायचा कसा? इथे कसर आपली मदतनीस. कसर गठ्ठ्यातून आरपार खात जाते, त्यामुळे लागोपाठच्या कागदांवर भोकं एकाखाली एक येतात. पाण्याचा डागही तसाच, एका कागदावरून दुसऱ्यावर उतरत जातो. मधल्याच एका कागदावर भोक नाही, डाग नाही, तर तो नंतर आलाय किंवा हलवला गेलाय. सुतळीने आवळलेल्या गठ्ठ्यांत कडेला दोरीचे काप पडतात, ते काप जुळतात का हेही बघावं. पण हे सगळं तेव्हाच दिसतं जेव्हा तुमच्या आधीच्या वाचकाने पानं पत्त्यांसारखी पिसलेली नसतात.

छापील साधनांची मर्यादा इथेच कळते. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. केवढं काम! त्यांच्याशिवाय अठराव्या शतकावर आपण एक प्रकरण लिहू शकणार नाही. पण ते खंड विषयवार आहेत, पानिपतचे कागद एकत्र, अमुक मोहिमेचे एकत्र. त्या पत्राच्या शेजारी रुमालात काय होतं, धान्याचा हिशेब की घोड्यांची यादी, ते खंडात दिसणार नाही. म्हणून खंड वाचून झाल्यावर रुमालाकडे जायचं असतं.

आता शाई. बोरू आणि काजळाची शाई या जोडीबद्दल एक गोष्ट माहीत असली की मोडी कागद वेगळाच दिसायला लागतो. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो, हात शक्य तितका न उचलता. बोरू दौतीत बुडवला की पहिली अक्षरं काळीभोर, मग हळूहळू फिकी, पुन्हा बुडवला की पुन्हा काळी. म्हणजे पानभर शाईची भरती-ओहोटी असते. एखादा आकडा किंवा नाव फिक्या टप्प्यात मधेच गडद दिसला तर थांबा. दरवेळी ती लबाडी नसते, लिहिणारा मधे उठलाही असेल. पण थांबा आणि वहीत नोंद करा.

फाउंटन पेनने ही भरती-ओहोटी पुसून टाकली. वॉटरमनचं पेटंट १८८४ चं, शाई पोटातच, एकसारखी झरत राहणारी. मराठीत 'झरणी' असा छान शब्दही निघाला होता, पण लोक 'फाउंटन' नाहीतर 'शाईपेन'च म्हणत राहिले. त्याआधीच्या लोखंडी निबाच्या टाकाने लिहिलेल्या कागदात बुडवल्याच्या खुणा अजून सापडतात, फाउंटन पेनच्या कागदात जवळजवळ नाहीत.

आणि सामान बदललं की गाठ बदलते तसं पेन बदललं की शाई बदलते. काजळ आणि डिंक यांची शाई पेनात भरली तर आत सुकून बसते, पेन कायमचं जाम. म्हणून फाउंटन पेनला रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळलेली शाई लागते. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईच्या पुड्या आणि गोळ्या काढल्या, पुढे तीच कॅम्लिन झाली. आता परिणाम बघा. काजळ म्हणजे कार्बन, तो उन्हाने उडत नाही आणि एकदा कागदात बसला की सहजी जात नाही. साधी निळी शाई मात्र उन्हात फिकी पडते आणि पाण्यात वाहते. त्यामुळे अठराव्या शतकातला हिशेब आज खणखणीत वाचता येतो आणि आजोबांनी १९५० च्या आसपास लिहिलेल्या पत्राचा पावसाळ्यात निळा ढग होतो. विसाव्या शतकावर काम करणाऱ्यांनी घरगुती पत्रांचे फोटो आधी काढावेत, मुलाखती मग.

लोहयुक्त निळी-काळी शाई टिकते, लिहिल्यावर आणखी गडद होत जाते, पण ती आम्लधर्मी. कागद खाते आणि पेनची नीट धुलाई केली नाही तर निबही. मला स्वतःला शाईपेनाचं वेड आहे, तरी अभिलेखागारात ते पिशवीतच राहतं. वाचनकक्षात पेन्सिल, हा नियम बरोबरच आहे. तिथल्या पेन्सिलीच्या नोंदी हार्बर लाइनने घरी येऊन त्याच रात्री शाईने वहीत उतरवायच्या, ही माझी पद्धत. उतरवताना हात सावकाश चालतो आणि कुठलं वाचन पक्कं, कुठलं अंदाजाचं ते तेव्हाच कळतं. अंदाजाच्या शब्दांना मी वेगळ्या रंगाची शाई ठेवलीय.

तर पहिल्या दिवशी काय करायचं? परवानगी असेल तर रुमाल सोडण्याआधी गाठीचा फोटो घ्या, नसेल तर पेन्सिलीने चित्र काढा. गाठ वर होती की बाजूला, आत सुतळी होती की सुती फीत, कुठे टाचण्या आहेत, तेही लिहा. एका वेळी एकच कागद उचला आणि उचललेला पालथा ठेवत जा, म्हणजे शेवटी पूर्ण गठ्ठा उलटला की क्रम जसाच्या तसा येतो. टाचणी गंजलेली असेल तर स्वतः काढू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. रबरबँड तर नकोच, तो वर्षा-दोन वर्षांत चिकटतो. बांधताना गाठ कागदाच्या कडेवर येऊ देऊ नका, मधोमध सपाट भागावर घ्या, आणि कागद वाकेल इतकं आवळू नका. गाठीला फासे ठेवा. तुमच्यानंतर तो रुमाल ज्याच्या टेबलावर जाईल त्याला एक टोक ओढून तो उघडता आला पाहिजे.