हजेरीची वेळ, पगाराची तारीख

ठाण्यात १८४८ साली जन्मलेले कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव रविवारच्या सुटीशी इतके घट्ट जोडले गेले आहे की, सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सभेत गिरणी कामगारांनी मंजूर केलेल्या आणि सुमारे ५,५०० जणांनी सह्या केलेल्या मागणीपत्रातील एका साध्या मागणीकडे सहसा लक्ष जात नाही. आठवड्याची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि जखमी कामगाराला भरपाई या मागण्यांच्या जोडीने त्यात असेही मागितले होते की, महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तरी हाती पडावा. भोंगा होण्याआधी दारात हजर राहण्याचे बंधन कामगारावर होते. झालेल्या कामाचे पैसे केव्हा द्यावेत याचे बंधन मालकावर नव्हते.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हता. ज्याने महिनाभर राबून दिले आणि ज्याचे पैसे आणखी दोन-तीन आठवडे गिरणीतच राहिले, तो हिशेबाने मालकाचा सावकारच ठरतो. परंतु व्याज त्याला मिळत नसे, उलट तेवढ्या दिवसांच्या किराण्यासाठी त्यालाच वाण्याकडे उधारी करावी लागे किंवा व्याजाने कर्ज काढावे लागे. गैरहजेरीच्या दिवसाला ‘खाडा’ म्हणत, आणि मुंबईच्या कित्येक गिरण्यांत एका खाड्यासाठी दोन दिवसांचा पगार कापण्याची ‘डबल खाडा’ नावाची रीत होती. विणताना कापड खराब झाले तर ते त्याच विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जाई, म्हणजे पगाराच्या दिवशी तो रोख रकमेऐवजी डागी कापड काखेत मारून घरी येई आणि ते खपवण्याची यातायातही त्याच्याच माथी पडे. १ जानेवारी १९०६ पासून मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटे पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा काही गिरण्यांतील कामगारांनी तिला केलेला विरोध अडाणीपणाचा म्हणता येणार नाही, कारण घड्याळ पुढे सरकल्याने अंधारात उठणे तेवढे त्यांच्या वाट्याला येणार होते, पगाराची तारीख काही अलीकडे येणार नव्हती.

ती तारीख कायद्यात यायला लोखंडे यांच्या मागणीपत्रानंतर अर्धशतक जावे लागले. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने हजारापेक्षा कमी कामगार असतील तेथे ७ तारखेपर्यंत आणि इतरत्र १० तारखेपर्यंत पगार देणे बंधनकारक केले, दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा इतकी ठरवली आणि गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करावी असे सांगून डबल खाड्याचा आधार काढून घेतला. त्याच कायद्यात मात्र दहा किंवा अधिक कामगार संगनमताने आणि पूर्वसूचनेविना गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभाही होती; एकट्याच्या खाड्याला जी माया दाखवली ती एकजुटीच्या खाड्याला दाखवली गेली नाही.

कल्याणसारख्या जंक्शनात प्रश्न तारखेचा नव्हता, तासांचा होता. इंजिन चालवणाऱ्यांची, म्हणजे ‘रनिंग स्टाफ’ची, कामाची वेळ गाडीच्या चालीवर अवलंबून असे, आणि सिग्नलला गाडी तासन्‌तास खोळंबली तरी चालकाला इंजिन सोडता येत नसे. हजेरी लावल्यापासून सुटका होईपर्यंत दहा तासांहून अधिक काम घेतले जाणार नाही, हे आश्वासन ऑगस्ट १९७३ मधील संपानंतर मिळाले. ते पाळले जात नाही ही तक्रार ८ ते २७ मे १९७४ या देशव्यापी रेल्वे संपाच्या मुळाशी असलेल्या अनेक तक्रारींपैकी एक होती.

दरम्यान १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन ठाण्याची वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा आणि डोंबिवली येथे लहानमोठे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर ‘ब्रेक’ हा शब्द कामगारांच्या बोलण्यात रुजला. सलग २४० दिवस भरले की कायमपणाचा हक्क सांगता येई, म्हणून त्याआधीच कामगाराला काही दिवस घरी बसवायचे आणि नंतर नव्याने भरती केल्याचे दाखवून त्याच यंत्रावर पुन्हा उभे करायचे, असा हा ब्रेक. १९७१ च्या महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाने अशा रोजच्या जाचांची यादीच केली. कायम होऊ नये या हेतूने वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवणे, धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणे आणि मर्जीतल्यांना झुकते माप देणे या गोष्टी, ज्यांवर तोवर चहाच्या टपरीवर चरफडण्यापलीकडे काही करता येत नसे, त्या औद्योगिक न्यायालयात मांडता येऊ लागल्या. हा कायदा अमलात आला ८ सप्टेंबर १९७५ रोजी, म्हणजे ऐन आणीबाणीत. अर्थात कारखानाच बंद पडला की यादी अपुरी पडते. कल्याणजवळच्या मोहने येथील एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद झाल्यावर कामगारांच्या देण्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला.

डोंबिवलीच्या चाकरमान्याच्या वाट्याला खाड्याचे धाकटे भावंड आले, ते म्हणजे लेटमार्क. तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा, असा हिशेब अनेक कार्यालयांत रूढ झाला, आणि उशीर गाडीमुळे झाला की झोपेमुळे, हे विचारण्यासाठी हजेरीपटात रकाना नव्हता. २ जानेवारी २०१५ रोजी पेंटोग्राफमधील बिघाडाने सकाळची लोकल वाहतूक कोलमडली, तेव्हा दिवा स्थानकात खोळंबलेल्या प्रवाशांच्या संतापाने हिंसक वळण घेतले आणि त्यात मोटरमनला मारहाण झाली. जो लोकांना कामावर पोहोचवत होता तोही त्या वेळी आपल्या कामावरच होता. त्याच्या सहकाऱ्यांनी निषेधार्थ गाड्या चालवण्यास नकार दिला आणि उरलेल्या गाड्याही थांबल्या.