वसईचा दुसरा वेढा

वसई म्हटले की इतिहासप्रेमींना १७३९ आठवते. चिमाजी अप्पांची मोहीम, सुरुंगांनी फुटलेला तट, वज्रेश्वरीचा नवस. आजचा थ्रेड वसईच्या दुसऱ्या वेढ्याविषयी आहे. तो १९८८ च्या सुमारास पडला आणि अद्याप उठलेला नाही.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली. त्यांनी तटाच्या आत दगडी शहर वसवले: चर्च, मठ, सरदारांचे वाडे. तटाबाहेर राहिल्या वाड्या. शहर कोठे संपते आणि शेत कोठे सुरू होते, हे तेव्हा भिंतच सांगत असे.

पुढे ते शहर उजाड झाले. वाड्या मात्र टिकल्या. केळी, विड्याची पाने, फुले, भाजी. आगाशीची सुकेळी तर प्रसिद्धच. या हिरवळीचे रहस्य बावखलांत होते. बावखल म्हणजे वाडीच्या कडेचे गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि शेजारच्या विहिरी जिवंत ठेवी. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या या पट्टीत गोड्या पाण्याचा असा साठा भूगर्भात खारे पाणी शिरू देत नसे.

१८६४ मध्ये रेल्वे आली, १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली. तरीही दीर्घकाळ वसईने मुंबईला भाजी आणि फुले पाठवली. मुंबईची माणसे मोठ्या संख्येने इकडे आली ती नंतर. महानगरात घर परवडेना, तेव्हा नालासोपारा आणि विरार ही स्थानके कारकून आणि कामगार यांचा आधार ठरली.

१९८८ मध्ये राज्य शासनाने हरित पट्ट्यातील मोठे क्षेत्र नागरीकरणास खुले केले आणि १९९० मध्ये सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. याच काळात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेतृत्व ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. (हेच दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.) कौलारू घर, ओटा आणि मागची वाडी हेच गावाचे रूप, असे आंदोलकांना वाटे. नव्या वस्तीला त्या चित्रात जागाच नव्हती, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो सर्वस्वी खोटा नाही. ज्याला मुंबईत दहा बाय दहाची खोली मिळत नव्हती, त्याने केळीच्या बागेचे सौंदर्य किती काळ पाहत बसावे? शिवाय जमिनी विकणाऱ्यांत गावकरीही होतेच.

तरीही माझ्या मते समितीचा मूळ मुद्दा रूपाचा नव्हता, पाण्याचा होता. विहिरींचे पाणी टँकरने नव्या इमारतींकडे जाऊ लागले, तेव्हा वाडीवाला आणि सदनिकाधारक एकाच झऱ्यावर भांडू लागले. आधी घरे आणि मागून पाणी, हा उलटा क्रम दोघांनाही भोवला. बावखले बुजवून त्यांवर बांधकामे झाली. मिठागरे आणि सखल जमिनीही भरावाखाली गेल्या.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि अनेक गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. गावांनी विरोध केला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो वाद उच्च न्यायालयात गेला. जुना तटाचा प्रश्न नव्या रूपात आला होता: शहराच्या आत कोण, बाहेर कोण? फरक इतकाच की या वेळी बाहेर राहण्यासाठी लोक भांडत होते.

जुलै २०१८ मध्ये पाणी रुळांवर चढले, लोकल बंद पडल्या आणि मिठागरात राहणारी कुटुंबे अडकली. त्या पावसात हरित वसईवाले आणि त्यांना विकासविरोधी म्हणणारे, दोघांच्याही घरांत पाणी होते.

२०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यात न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. ती जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तेथे घरे घेतली होती, ते सामान घेऊन रस्त्यावर आले. वसईचा किल्ला मात्र पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात उभा आहे. त्याच्या पडक्या चर्चसमोर लग्नापूर्वीची छायाचित्रे काढायला जोडपी येतात. त्यांतली कित्येक त्याच नव्या इमारतींमधून येतात.