उंच केलेली जीप का थरथरते? हूकच्या सांध्याची साडेतीनशे वर्षे

१/ कडा हे बीड जिल्ह्यातील, नगर–आष्टी रस्त्यावरचे गाव. समजा, तिथल्या एका जुन्या जीपचे पाटे बदलून ती दोन इंच उंच केली. शेतवाटेवरचे दगड आता पोटाला लागत नाहीत. पण पक्क्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरला गाडी थरथरू लागते. नवा क्रॉस बसवला, चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. या दोषाचे मूळ १६७६ सालापर्यंत जाते.

२/ त्या वर्षी रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन तिरप्या दांड्यांना जोडून फिरवणाऱ्या सांध्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आपण ज्याला 'क्रॉस' म्हणतो तो हाच युनिव्हर्सल जॉइंट. त्यात एक खोड आहे : एक दांडी एकसारखी फिरली तरी दुसरी प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते.

३/ हूकला ही खोड उपयोगाची वाटली. सूर्यघड्याळावरची सावलीही अशीच कमीजास्त वेगाने सरकते. तिची चाल या सांध्याने साधता येईल, असे त्याने दाखवले. जे खगोलाला सोयीचे, तेच मोटारीला जाचक ठरले.

४/ १९०३ साली अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने मोटारीसाठी बंदिस्त जॉइंटचे पेटंट घेतले आणि साखळीची जागा प्रोपेलर शाफ्ट घेऊ लागला. दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीपला स्पायसरचेच ॲक्सल होते. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद (१९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र) या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. अशा रीतीने हूकचा सांधा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला.

५/ आता गणित. वेगातील हा चढउतार ३ अंशांच्या कोनात जेमतेम पाव टक्का असतो. १० अंशांत सुमारे ३ टक्के, २० अंशांत १२ टक्क्यांहून अधिक. जीपचा मागचा शाफ्ट आखूड. तो ६० सेंटीमीटर धरला, तर ५ सेंटीमीटर उंचीने कोन जवळजवळ पावणेपाच अंशांनी वाढतो.

६/ यावरचा तोडगा जुनाच आहे : शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट, दोघांचे कोन सारखे आणि दोन्ही योक एका रेषेत. मग एकाने बिघडवलेली चाल दुसरा सावरतो. लांब शॅकल लावून पाटा कलला, की पिनियनचे तोंड फिरते, कोन विषम होतात आणि उरलेला हेलकावा डिफरेन्शियलवर जातो. कोन सारखे राहिले तरी फार मोठे झाल्यास मधला शाफ्ट स्वतः हिसके खातच राहतो.

७/ निदान कसे करावे? मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथर येईल त्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी. थरथर टिकली तर इंजिनाकडे संशय नको. मग ठेका पाहावा. ७० सेंटीमीटर व्यासाचे चाक ताशी ६० ला सेकंदाला सात-आठ फेरे घेते. डिफरेन्शियलचे प्रमाण ४ असेल तर शाफ्ट सुमारे ३० फेरे. सावकाश हादरा चाकाचा, ३० चा ठेका शाफ्टच्या असमतोलाचा, ६० ची बारीक गुणगुण कोनाची.

८/ कोन मोजताना गाडी सपाट जागी, चाकांवर उभी हवी. जॅकवर लोंबकळणाऱ्या ॲक्सलचे माप खोटे येते. ट्रान्सफर केस, शाफ्ट आणि पिनियन या तिन्हींचा कल लिहून घ्यावा. शाफ्ट सोडण्यापूर्वी जोडावर खूण करावी. सरकत्या जोडाचे दाते चुकले तर योकची रेषा बिघडते.

९/ कोन कमी होत नसेल, तर ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी जॉइंटचा शाफ्ट बसवतात. मात्र तेव्हा नियम बदलतो : पिनियन समांतर न ठेवता जवळजवळ शाफ्टच्याच रेषेत आणावे लागते. हे न करता केलेला खर्च पुन्हा वाया जातो.

१०/ थरथर सोसत राहणे मात्र धोक्याचे. पुढचा क्रॉस तुटून शाफ्टचे टोक रस्त्यात रुतले, तर धावती गाडी हातात राहत नाही. म्हणून तिसरा क्रॉस विकत घेण्यापूर्वी कोनमापक लावावा. आणि गाडी अजून उंच करायची असेल, तर मूळ कोन आजच वहीत टिपून ठेवावेत.